ओठ कोणी ओढायला लावला

साहेब, त्या बाईचा ओठ तुम्ही ओढायला लावलात.

हात तुमचा नव्हता, हे मान्य. तुमचे हात बेसनाची कडक ठेठरी खाण्यात गुंतले होते. पण हुकूम तुमचा होता आणि छत्तीसगडातल्या पेंडरीडीहच्या शाळेपुढे जमलेल्या सगळ्या गावाने तो ऐकला. नंतर तुम्हीच सांगितलंत की बाईने गुडाखू, हिरड्यांना घासायचा तंबाखू, सोडला नाही, म्हणून तिची हिरडी सडली. बाई अडाणी, बाई खोटारडी. तुम्ही सांगितलंत म्हणून तेच खरं ठरलं. तेव्हा जे घडलं ते पहिल्यापासून सांगितलं पाहिजे. ऐकायचं नसेल तर नका ऐकू. ऐकलं नव्हतं असं मात्र पुढे म्हणता येणार नाही.

बाईचं नाव बिसाहिन. तिच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून जन्मल्या दिवशीच आईने तिला सुईणीला सूपभर कोदोच्या बदल्यात विकलं आणि लगेच परत घेतलं. विकत घेतलेलं मूल यमाला दिसत नाही, असं तिकडे मानतात. बिसाहिन म्हणजे विकत घेतलेली. ती स्वतः म्हणायची, "माझा भाव सूपभर कोदो. त्याहून महाग कुणी गावात असेल तर पुढे या." पुढे कुणी येत नसे, कारण पुढे आलेल्याचं ती काय करील याचा भरवसा नव्हता.

तिचं तोंड हीच तिची कमाई होती. वरात जेवायला बसली की मुलीकडच्या बायकांनी मुलाकडच्यांना गाण्यातून यथेच्छ शिव्या घालायच्या, ही तिकडची रीत. त्या गाण्यांना भडौनी म्हणतात. भडौनी न झालेलं लग्न तिकडे अळणी समजतात. आणि आजूबाजूच्या गावांत भडौनी म्हटली की बिसाहिन. एका लग्नात नवऱ्याच्या काकाने मी शहरातून आलोय, मी सरकारी नोकर आहे असं फार मिरवलं, तेव्हा तिने पत्रावळीसमोर उभं राहून सुरू केलं,

"हत्तीवरून आला म्हणे नवऱ्याचा काका,
हत्ती गेला चरायला, उंदरावर बसा का!"

काका भात टाकून उठला आणि महुआच्या झाडाखाली जाऊन बसला. वरात हसून आडवी झाली. संध्याकाळी तोच काका लुगडं घेऊन आला आणि म्हणाला, "काकी, माझ्या मुलीच्या लग्नाला तुम्हीच या. माझ्या व्याह्याला याच्या दुप्पट पाहिजे."

तिच्यामागून ओळ उचलायला कायम एकच बाई असे, तिची भोजली. दोघी पोरी असताना श्रावणात एकाच टोपलीत गहू पेरून त्यांनी भोजली उगवली, तळ्यात सोडली आणि एकमेकींच्या कानामागे तिचे पिवळे कोंब खोचले. त्या दिवसापासून दोघी एकमेकींना भोजली म्हणत आणि एकमेकींचं नाव घेत नसत. सख्ख्या बहिणीशी भांडता येतं, बोलणं टाकता येतं. भोजलीशी नाही. तिचं नाव तोंडातून गेलं की नातं तिथेच संपतं. पुढे ही भोजली गावाची मितानिन झाली. सरकारी औषधांची पेटी तिच्या घरी असते, बाळंतिणीला दवाखान्यात तीच नेते. मितानिन झाली तेव्हा तिने गुडाखू सोडला. बिसाहिनला म्हणाली, "तूही सोड, भोजली."

"तुला सरकारने पेटी दिली," बिसाहिन म्हणाली. "मला काय दिलं? माझ्या गुडाखूच्या डबीवर तर विंचवाचं चित्र काढून दिलंय."

तंबाखूचा तो काळा ओला लेप ती लहानपणापासून हिरड्यांना घासत होती. पहिल्यांदा आईनेच दाढ दुखते म्हणून बोटाने लावला होता. पहाटे तळ्याच्या पायरीवर, जेवल्यावर, रोवणीहून परतल्यावर, रागावल्यावर. तिच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं पेर आणि नख काळं पडलं होतं, ते कशानेच निघत नसे. शाळेच्या भिंतीला टेकून असलेल्या दुकानात डबी मिळते. आजही मिळते, साहेब. जाऊन बघा. त्यावर तुम्ही कर घेता.

खालचे पुढचे दोन दात लांब दिसायला लागले, तेव्हा तिला आधी गंमत वाटली. मग लक्षात आलं की दात वाढले नव्हते. चैतात तळ्याचं पाणी उतरतं आणि पायऱ्यांची बुडं उघडी पडतात, तशी हिरडी उतरली होती. गार पाणी लागलं की कपाळापर्यंत कळ जायची. मग दात हलायला लागले आणि तिने आरशात बघणं बंद केलं.

तुमची मोहीम गावात आली ती त्याच सुमाराला, थंडीत. "गुडाखूमुक्त गाव." दातांच्या कॉलेजची गाडी शाळेपुढे लागली. गाडीत डॉक्टर सरिता तिर्की होती. जशपूरकडची, सडपातळ, शिकायचं शेवटचं वर्ष चालू असलेली. तिने बिसाहिनला खुर्चीत बसवलं आणि खालचा ओठ हळूच बाजूला केला.

"काकी, हे दोन हलताहेत."

"हलू देत. माझं गाणं ऐकून व्याहीसुद्धा हलतात."

"हसू नका. माझ्या हातात टोकदार वस्तू आहे."

"माझ्या तोंडात त्याहून टोकदार आहे, नोनी. गावाला विचार." नोनी म्हणजे पोरी.

डॉक्टरीण हसली आणि मग हसू आवरून तिने खरं ते सांगितलं. असंच राहिलं तर पुढच्या वर्षी हे दोन्ही दात हातात येतील. पण हाड अजून थोडं शाबूत आहे. टाळूवरून एक पातळ पापुद्रा काढायचा आणि जिथे हिरडी उतरली तिथे शिवून टाकायचा.

"म्हणजे ठिगळ?"

"ठिगळाला काय, टाका घातला की झालं. हा रोपा आहे. जिवंत असतो. मूळ धरलं तर टिकतो."

बिसाहिनची मान वर झाली. हे तिच्या ओळखीचं होतं. भाताचा रोपा लावण्यात तिची कंबर गेली होती.

"रोपा लावल्यावर मूळ धरलं का ते बघायला कुणी उपटतं का?" डॉक्टरीण म्हणाली.

"उपटलं तर माझी सासू चिखलाचा गोळा फेकून मारायची."

"मग तसंच. टाके काढेपर्यंत हात लावायचा नाही. ओठ ओढायचा नाही. आरशात बघायला म्हणूनसुद्धा नाही. बारीक बारीक रक्ताच्या तारा जुळत असतात, ओठ ताणला की तुटतात. बोलणं कमी. गाणं बंद. आणि काकी, गुडाखू..."

"ते नको सांगूस. तेवढं कळतं मला."

"सोडाल?"

बिसाहिनने डबी लुगड्याच्या गाठीतून काढली, बघितली, परत बांधली. "मूळ धरेपर्यंत सोडीन. पुढचं पुढे."

"पुढचंही."

"आधी अक्ती येऊ दे," बिसाहिन म्हणाली. अक्तीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्नांची झोड उठते. बहिणीच्या नातीचं लग्न ठरलेलं होतं आणि मुलाकडचे स्वतःला फार मोठे समजत होते. त्यांच्यासाठी तिने ओळी जुळवून ठेवल्या होत्या. त्या म्हणायला पुढचे दात हवेत. पुढचे दात गेले की शब्दाची धार जाते, नुसता वारा उरतो. तिला एवढंच हवं होतं. सुंदर दिसायचं वय गेलं होतं.

फागुनात ऑपरेशन झालं. भोजली बरोबर गेली. खुर्चीच्या भोवती शिकणारी पोरं-पोरी उभी होती आणि त्यांनी बिसाहिनच्या तोंडात एवढ्या उत्सुकतेने पाहिलं की तिला वाटलं आत जत्रा भरली असावी. सुई टोचली तेव्हा तिने भोजलीचा हात धरला. नंतर काही कळलं नाही, नुसतं कुणीतरी लांबून खरवडतंय असं वाटलं. डॉक्टरणीने चिमट्यावर तो तुकडा तिला दाखवला. नखाएवढा, पेजेवरच्या सायीसारखा. आपल्या तोंडाचं छप्पर काढून आपल्याच तोंडाची भिंत लिंपताहेत, हे बिसाहिनला पटलं. शिवून झाल्यावर वरून गुलाबी रंगाचा गिलावा लावला.

"हा पडला तर घाबरू नका, मला फोन करायला सांगा. पण स्वतः काढायचा नाही," डॉक्टरीण म्हणाली. हे तिने भोजलीलाही वेगळं सांगितलं. भोजलीने मान हलवली.

घरी आल्यावर गाव लोटलं. ज्या बाईने सगळ्या गावाला शिव्या दिल्या, तिच्या तोंडाला टाके पडले म्हटल्यावर न बघता कोण राहील?

"दाखव ना, काकी. नुसतं एकदा."

"खरंच टाळूचं कातडं आहे का? केस नाही ना उगवणार?"

बिसाहिन पदर तोंडाशी धरून मान हलवत राहिली. कुणालाच दाखवलं नाही. तिचा नवरा फिरंता अंगणात खाट विणत होता, तो म्हणाला, "लग्नापासून आज पहिल्यांदा घरात माझा आवाज मला ऐकू येतोय." तिने शब्दाऐवजी पळी फेकली. पळी त्याला लागली नाही, पण अर्थ पोचला.

टाळू जळत होती, ते सोसवलं. गुडाखूची तलफ सोसवत नव्हती. डोकं जड व्हायचं, पोट साफ होईना. पहाटे तळ्यावर सगळ्या बायका पायऱ्यांवर बसून घासायच्या, तो वास पाण्यावरून यायचा. एका पहाटे अर्धवट झोपेत तिचा हात आपोआप गाठीकडे गेला, डबी उघडली, बोट आत गेलं. बोट ओठाशी आलं तेव्हा ती जागी झाली. तिने बोट पायरीच्या दगडावर घासलं, दगड काळा होईपर्यंत घासलं, आणि डबी तळ्यात टाकली. कोटवाराची, म्हणजे गावच्या सरकारी राखणदाराची, बायको वरच्या पायरीवर होती. तिने डबी उघडलेली पाहिली आणि घागर घेऊन निघून गेली. डबी पाण्यात पडलेली तिने पाहिली नाही.

आणि मग तुम्ही आलात.

मंडप घातला होता. सरपंचाने ठेठरी-खुरमी करून ठेवली होती. तुमच्याबरोबर फोटोवाला होता. मोहिमेतून कुणाकुणाला फायदा झाला ते दाखवायचं होतं, आणि गावात ऑपरेशन झालेली बाई एकच. तिला खुर्चीवर बसवलं. भोजली तिच्या शेजारी उभी राहिली, निळ्या साडीत, मितानिनच्या.

"तोंड उघडा," फोटोवाला म्हणाला.

बिसाहिनने ओठांवर बोट ठेवून नको म्हणून हात हलवला.

"मुकी आहे का ही?" तुम्ही विचारलंत.

"मुकी?" सरपंच हसला. "साहेब, ही बोलायला लागली तर तुम्ही मुके व्हाल."

लोक हसले. तुम्हीही हसलात. भोजली म्हणाली, "साहेब, डॉक्टरीणबाईंनी हात लावू नका म्हटलंय."

"डॉक्टर कुणी पाठवले? आपल्याच मोहिमेत आलेत ना ते?" तुमच्या आवाजात राग नव्हता. "काही होत नाही. जरा ओठ खाली करा."

भोजलीने बिसाहिनचा ओठ दोन बोटांनी धरला आणि अगदी थोडा खाली केला. फोटोवाल्याने कॅमेऱ्यात बघितलं. "काहीच दिसत नाही, सर. च्युइंगमसारखं काहीतरी चिकटवलंय."

"मग ते काढा," तुम्ही म्हणालात.

"साहेब, ते..."

"अहो बाई, तुम्ही मितानिन आहात ना? एवढं येत नाही? मग पेटी कशाला दिलीय?"

गाव बघत होतं. भोजलीची पेटी म्हणजे तिच्या विधवा सुनेचं आणि तिचं जेवण. तिने बिसाहिनकडे बघितलं आणि ओठ न हलवता म्हणाली, "भोजली, माफ कर." मग नखाने तो गिलावा उचकटला. एक टाका त्याच्याबरोबर ताणला गेला. बिसाहिनच्या डोळ्यांतून पाणी आलं. भोजलीचं बोट तिच्या दातांमध्ये होतं, चावता आलं असतं. भोजलीच्या बोटाला चावत नाहीत.

बाकी कुणाचंही बोट असतं तर तिने तोडून हातात दिलं असतं.

"अजून खाली," फोटोवाला म्हणाला. "अजून. टाके दिसू देत. हां, असंच धरा."

रक्त आलं. "थोडं रक्त चालेल, खरं वाटतं," असंही कुणीतरी म्हणालं. ते तुम्ही म्हणाला नाहीत, ते तुमच्यावर घालत नाही. तुम्ही तेव्हा ठेठरी खात होतात. ठेठरी कडक असते. तुमचे दात चांगले आहेत.

सगळ्या दहा गावांत जिच्या तोंडाला लोक घाबरायचे, ती बाई त्या दिवशी तोंड उघडं असून बोलली नाही, कारण तिला बोलू नको म्हणून सांगितलं होतं आणि ती सांगितलेलं पाळत होती.

पुढे जे व्हायचं ते झालं. तुकडा आधी पांढरा पडला, मग राखेसारखा. वास यायला लागला. दोघी परत कॉलेजात गेल्या. डॉक्टरणीने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिने मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी चष्मा वर करून आत बघितलं.

"वरचा लेप कोणी काढला?"

"फोटोसाठी काढला," बिसाहिन म्हणाली. "साहेबांनी काढायला लावला."

"साहेबांनी स्वतः हात घातला?"

"नाही."

"मग कोणी घातला?"

भोजली दाराशी पिशवी धरून उभी होती. तिची नजर फरशीवर. बिसाहिनने तिकडे बघितलं नाही.

"नाव सांग ना."

बिसाहिनने पदर तोंडावर घेतला.

"हात दाखव." त्यांनी तिची काळी तर्जनी धरून उजेडात नेली. "हे काय आहे?"

"जन्मभराचा डाग आहे तो, बाबू. एवढ्यात जातो होय?"

त्यांनी तिच्यासमोरच तुम्हाला फोन लावला. पलीकडून तुम्ही काय म्हणालात ते तिला ऐकू आलं नाही. इकडचं आलं. "हो साहेब. हो, बोट काळं आहे. अच्छा, तळ्यावर पाहिलंय? कोटवारणीने? मग प्रश्नच मिटला. हो, हो, नाव विचारलं तर सांगत नाही. स्वतःच काढला असणार." फोन ठेवून ते डॉक्टरणीला म्हणाले, "लिहा, रुग्णाने तंबाखू सोडला नाही." आणि गेले.

डॉक्टरणीने मेलेला तुकडा हलक्या हाताने काढून टाकला. मग जवळ सरकून म्हणाली, "काकी, मला तरी सांगा. कोणी काढला?"

"नाव कसं सांगू, नोनी? नाव घेतलं की ते नातं गेलं."

डॉक्टरीण थांबली. तिने दाराशी उभ्या असलेल्या बाईकडे बघितलं. "आमच्याकडेही असतं हे," ती म्हणाली. "आम्ही सहिया म्हणतो." म्हणजे तिला कळलं होतं. कळूनही ती काही बोलली नाही. परीक्षा तोंडावर होती आणि तिचे परीक्षक तेच मोठे डॉक्टर होते. तिचा राग येतो, पण तिचं कारण दिसतं. बिसाहिन गप्प राहिली त्याचं कारण आहे. भोजली गप्प राहिली त्याचंही आहे, घरात दोन पोटं होती.

येताना बसमध्ये भोजली खिडकीकडे तोंड करून बसली. तशीच म्हणाली, "नाव निघालं तर मला काढून टाकतील, भोजली."

"मी कुठे काय म्हटलं?"

"म्हटलं नाहीस, तेच तर..." बिसाहिनने तिच्या मांडीवरची पिशवी आपल्या मांडीवर घेतली. तेवढंच.

पहिला दात बासी खाताना पडला. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, त्याहून मऊ या जगात काही नाही. तिने तो भातातून काढून चुलीपाशी ठेवला आणि उरलेली बासी संपवली. दुसरा दात होता, पण दारातल्या कडीसारखा हलत होता.

अक्तीला बहिणीच्या नातीचं लग्न लागलं. वरात जेवायला बसली. बिसाहिन उभी राहिली, पदर खोचला, आणि पहिली ओळ टाकली. सगळा वारा बाहेर आला. "स" म्हटला की शीळ वाजायची. मुलाकडची एक जाडजूड बाई पत्रावळीवरून ओरडली, "काकी, शीळ वाजवून म्हशी बोलावताय का?" आणि दुसरी म्हणाली, "आधी दात आणा, मग शिव्या आणा!" पंगत हसून लोळली. भडौनीत उलटून बोलायला मुलाकडच्यांना मुभा असते, त्यांची चूक काही नव्हती. बिसाहिनने दुसरी ओळ म्हटलीच नाही. ती आत जाऊन भजी तळणाऱ्या बायकांत बसली. त्या लग्नात भडौनी झाली नाही. नवऱ्याकडचे खूश होऊन गेले.

पावसाआधी तुम्ही गाव गुडाखूमुक्त जाहीर करायला आलात. शाळेवर मोठा बॅनर लावला होता. त्यावर बिसाहिनचं तोंड होतं. चेहरा नव्हता, नुसतं तोंड, बैलगाडीच्या चाकाएवढं. ओढलेला ओठ, टाके, थोडं रक्त, आणि ओठ धरलेली दोन बोटं. ज्या ऑपरेशनमुळे काही फायदा झाला नाही असं तुमच्याच लोकांनी लिहून ठेवलं, तेच इथे फायद्याचं म्हणून टांगलं होतं. बिसाहिन त्याखाली उभी राहून बराच वेळ बघत होती. सगळं गाव बघत होतं. बोटं गोरी-सावळी काय असायची ती असोत, पण नखं स्वच्छ होती. तिच्या नखासारखा काळा डाग त्यावर नव्हता. ते तुम्हाला दिसलं नाही. बायकांना दिसलं. भोजलीला दिसलं, आणि तिने आपला हात निळ्या पदराखाली घेतला.

तुम्ही भाषण केलंत. म्हणालात की सरकार सगळं करतं, पण काही जणांना स्वतःचं भलं कळत नाही. शिवून दिलं तरी ते घाण बोट परत तोंडात घालतात. तुम्ही नाव घेतलं नाहीत. गावाने वळून बिसाहिनकडे बघितलं.

मग सरपंच म्हणाला, "आता आमच्या माताभगिनी साहेबांसाठी स्वागतगीत म्हणतील." तो बिसाहिनच्या कानाशी पुटपुटला, "भडौनी नको हां, काकी. पाया पडतो."

बिसाहिन उभी राहिली. पदर खोचला. वरातीसमोर उभी राहते तशीच, कमरेवर एक हात.

"पाहुणे आले गाडीतून, ठेठरी खाऊन गेले,
माझ्या तोंडातले रोप कुणी उपटून नेले?"

शीळ वाजली. कुणी हसलं नाही. ओळ उचलायची वेळ आली, बायका खाली बघू लागल्या. भडौनीत ओळ उचलली नाही तर ती गाणाऱ्याच्या डोक्यावर पडते. बिसाहिन थांबली नाही.

"बोट दिसते फोटोत, बोटावर डाग नाही,
बोटाला कुणी सांगितले, बोला ना साहेब काही?"

आणि मग भोजलीने ओळ उचलली. पहिल्यांदा तिचा आवाज मागच्यांना ऐकू गेला नाही, म्हणून तिने ती परत म्हटली, मोठ्याने, आणि उजवा हात पदराखालून काढून वर धरला. स्वच्छ नखांचा. त्या हाताला धरून गावातल्या प्रत्येक घरची बाळंतीण दवाखान्यात गेली होती, तो हात ओळखायला कुणाला चष्मा लागत नाही. मग तिसऱ्या बाईने ओळ उचलली, मग कोटवारणीनेही. "बोटाला कुणी सांगितले, बोला ना साहेब काही?"

तुम्ही टाळ्या वाजवल्यात. सरपंचाला म्हणालात, "वा! ही लोककला जपली पाहिजे." आणि गाडीत बसलात.

सगळ्यांना वाटलं, साहेब बाहेरचे, बोली कळत नाही, गाणं डोक्यावरून गेलं. मग पुढच्याच आठवड्यात भोजलीकडची औषधांची पेटी काढून घेतली. कारण सांगितलं नाही. म्हणजे गाणं तुम्हाला कळलं होतं. शब्द न् शब्द कळला होता.

आणि हो, बिसाहिन आता परत गुडाखू घासते. हे लपवण्यात काही अर्थ नाही. घासत नव्हती तेव्हा घासते म्हणून ठरवलंत, आता खरंच घासते. उरलेला दातही गेला. भोजली आता दुसऱ्यांच्या शेतात रोवणीला जाते. दोघी बांधावर शेजारी बसून बासी खातात, आणि अजूनही एकमेकींचं नाव घेत नाहीत.

बॅनर उन्हापावसात फाटला, पण बोटांचा भाग शाळेच्या भिंतीवर अजून लटकतोय. बोटं दिसतात. बोटांना सांगणारा दिसत नाही. टाळ्या वाजवणं हे उत्तर झालं नाही, आणि पेटी काढून घेणं तर मुळीच नाही. मोठ्या डॉक्टरांना फोन करू नका, सरपंचाला पाठवू नका. स्वतः या. बिसाहिन पहाटे तळ्याच्या तिसऱ्या पायरीवर असते. तिच्या तोंडावर सांगा, साहेब, गावाने ऐकलं पाहिजे इतक्या मोठ्याने सांगा: त्या दिवशी तो ओठ कोणी ओढायला लावला?